नॅरोबोटीवरचा पहिला हिवाळा : ओल, कोळसा आणि चौदा दिवसांचं बिऱ्हाड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मिल्टन कीन्सला नोकरी, बायको लॅपटॉपवर घरूनच काम करते, घरभाडं डोईजड झालंय. म्हणून सप्टेंबरात एक जुनी सत्तावन्न फुटी नॅरोबोट, म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद राहती बोट, घ्यायची, कायमची जागा भाड्याने न घेता कालव्यावर हिंडत राहायचं, आणि नाताळच्या सुट्टीत ऑक्सफर्ड गाठून जमलं तर थेम्समध्येही एक चक्कर मारायची. हे सगळं इंग्लंडच्या भिजक्या हिवाळ्यात. आणि तुमचा थेट सवाल : थंडी झेपेल का?

थंडी झेपेल. कोळशाचा स्टोव्ह नीट पेटला की आतून जेमतेम सहा फूट रुंद असलेल्या त्या पोलादी डब्यात जानेवारीतही स्वेटर काढून बसायची पाळी येते. मला वाटतं तुमचे खरे प्रश्न दोन आहेत. बोटीच्या आत ओल कुठून येते आणि ती बाहेर कशी घालवायची, हा एक. पाऊस लागून राहिला, पाणी वाढलं, तर बोट कुठे थांबवायची, हा दुसरा. पहिल्याच हिवाळ्यात कंटाळून बोट विकणारे जे मी पाहिले, ते बहुतेक या दोहोंपैकी एकापायी गेले. थंडीला भिऊन गेलेला एकही आठवत नाही.

माझं सांगणं कशाच्या जोरावर, तेही सांगून टाकते. आम्ही दोघं नऊ हिवाळे सत्तावन्न फुटी बोटीवर काढलेत, जास्त करून ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड कालव्यावर. बोट पोलादी, आतून फोम फवारलेली, स्टोव्ह पुढच्या टोकाला. तुमची बोट जुनी म्हणताय. तिच्या भिंतीत फोमऐवजी थर्मोकोलचे पत्रे असतील तर माझे आकडे तुम्हाला तसेच लागू होणार नाहीत. दोघांपैकी कुणाला दमा असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला. उत्तरेकडच्या डोंगरातल्या कालव्यांवरचा हिवाळा मी फक्त ऐकून आहे.

आता ओल. माझं माहेर गुहागरचं. आषाढात कपाटातल्या साड्यांना येणारा कुबट वास, चपलांवर चढणारी बुरशी, माजघरात दोरी बांधूनही चार चार दिवस न वाळणारे कपडे, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे मला वाटलं, पावसाचं काय मोठंसं! पण कोकणातली ओल बाहेरून आत येते आणि घराला कौलं असतात, फटी असतात, वारा खेळतो. बोटीतली ओल आपणच तयार करतो, आणि बोट म्हणजे झाकण लावलेला डबा.

हिशोब करून पाहा. सत्तावन्न फुटी बोटीच्या राहत्या भागात साधारण ४५ घनमीटर हवा असते. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा फार फार तर १७ ग्रॅम वाफ धरते. म्हणजे बोटीतली सगळी हवा वाफेने गच्च भरली तरी तिच्यात पाऊण लिटर पाणी मावतं, त्याहून जास्त नाही. आता दोन माणसं रात्रभर झोपतात, तेव्हा श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या वर पाणी सोडतात. त्यात संध्याकाळचा भात, आमटी, चहा. गॅस स्वतःही पाणी करतो : एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. तेरा किलोचा सिलिंडर संपेस्तोवर तुम्ही एकवीस लिटर पाणी घरात ओतलेलं असतं, आणि पातेल्यातून उठलेली वाफ वेगळीच. हे पाणी जातं कुठे? जिथे गार पृष्ठभाग भेटेल तिथे बसतं. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, गादीची खालची बाजू, कपाटाची मागची भिंत. पाच अंशाची हवा सात ग्रॅमसुद्धा वाफ धरू शकत नाही, म्हणून उरलेलं तिथेच थेंब होऊन टपकतं.

पहिल्या नोव्हेंबरात मी संकष्टीला हौसेने उकडीचे मोदक केले. थंडी आत येऊ नये म्हणून नवऱ्याने छतावरच्या झरोक्यांत जुने मोजे कोंबलेले. रात्री अकराला खिडक्यांवरून पाण्याच्या धारा, आणि सकाळी उशाशी ठेवलेलं पुस्तक फुगून दुप्पट. मोदक छान झाले होते, ते सोडा.

म्हणून पहिला नियम : झरोके बुजवायचे नाहीत. छतावरच्या पितळी छत्र्या आणि दारातल्या जाळ्या नवख्याला शत्रू वाटतात, कारण त्यांतून गार वारा येतो. पण तो गार वारा कोरडा असतो. बाहेर धुवांधार पाऊस असला तरी पाच अंशाची हवा आत येऊन वीस अंशाला तापली की तिची तहान वाढते आणि ती ओल घेऊन बाहेर पडते. 'बाहेर पाऊस आहे, मग खिडकी उघडून ओल कशी जाईल?' असं आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. कोकणात त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, तिथे बाहेरची हवाही ऊबदार आणि वाफेने भरलेली असते. इथे नाही. शिवाय हे झरोके बंद करणं जिवावर बेतू शकतं, त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरं, गार पृष्ठभाग झाका. खिडक्या एकेरी काचेच्या असतील तर आतल्या बाजूने ॲक्रिलिकचा पत्रा चुंबकी पट्टीने लावा. बोटीवर खर्च केलेल्या पैशांत मला सर्वांत जास्त समाधान याने दिलं. गादीखाली सलग फळी असेल तर ती काढून पट्ट्या घाला, खाली हवा खेळली पाहिजे. कपाटातले कपडे बोटीच्या भिंतीला टेकू देऊ नका. पाण्याच्या पातळीखालचा भाग कालव्याइतकाच गार असतो, म्हणून तळाच्या कप्प्यांत डबे-भांडी ठेवा आणि लोकरीचे कपडे वर. कागदपत्रं, पासपोर्ट, लग्नाचे फोटो हवाबंद डब्यात. पैठणी आणली असेल तर ती कुणा मैत्रिणीच्या घरी ठेवून या, खरंच.

तिसरं, भिजलेलं काहीही आत आणू नका. ओला रेनकोट स्टोव्हपाशी टांगला की त्यातलं सगळं पाणी तुम्ही रात्री श्वासात घेता. पुढच्या उघड्या ओट्यावर ताडपत्रीचा तंबू असतो, त्याला क्रॅच म्हणतात. तो नसेल तर पडद्यांआधी, रंगाआधी तो करून घ्या. गमबूट, छत्री, कोट, कुत्रा असेल तर कुत्रा, सगळ्यांनी तिथे निथळायचं. कपडे धुवायला गावात लाँड्रेटला जा आणि वाळवूनच आणा. आम्ही आठवड्याचा एक दिवस त्यासाठी ठेवलाय. ओल शोषणाऱ्या विजेच्या यंत्राबद्दल तुमची बायको विचारेलच : धक्क्यावर विजेची जोडणी असेल तर उत्तम, हिंडत्या बोटीच्या बॅटरीवर ते परवडत नाही.

स्टोव्हकडे येते. कोळशाचा स्टोव्ह कोरडी ऊब देतो, कारण त्याचा धूर आणि वाफ धुराड्यातून बाहेर जाते आणि जाता जाता आतली दमट हवाही ओढून नेते. सुटा गॅस हीटर किंवा रॉकेलचा हीटर याच्या नेमका उलट : तो घरात पाणी ओततो. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत स्टोव्ह विझू देत नाही. रात्री कोळसा घालून हवा कमी करायची, सकाळी राख झटकून पुन्हा हवा द्यायची. सकाळ-संध्याकाळ जोरात पेटवून मधे विझवणारे लोक कोळसा वाचवतात आणि बुरशी कमावतात. भिंती एकदा गार पडल्या की त्यांवर ओल बसणारच. आमचं वीस किलोचं पोतं कडाक्यात चार दिवस, एरवी सहा दिवस जातं. तुमच्याकडे जास्त लागेल असं धरा.

कोळसा धूरविरहितच घ्या. साधा दगडी कोळसा घरगुती वापरासाठी विकायला इंग्लंडमध्ये २०२३च्या मेपासून बंदी आहे, आणि त्याने धुराड्यात डांबरही साचतं. फुकटच्या लाकडाचा मोह टाळा. काठावर पडलेलं झाड करवतीने कापून छतावर रचलं की फार रम्य दिसतं, पण पावसात छतावर लाकूड वाळत नाही, ते फक्त वयाने मोठं होतं. ओलं लाकूड जाळलं की बरीच आच त्यातलं पाणी उकळण्यातच जाते.

आता जिवाची गोष्ट. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. बोटीच्या सुरक्षेची तपासणी दर चार वर्षांनी होते आणि एप्रिल २०१९पासून तिच्यात या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. पण जुन्या बोटीतला अलार्म जुनाच असतो. त्याच्या पाठीवर मुदत छापलेली असते, ती वाचा, नवा घ्या, एक झोपायच्या जागी लावा, एक स्टोव्हच्या खोलीत. स्टोव्हच्या दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी दर वर्षी बदला, धुराडं झाडा. राखेची बादली गार झालीय असं वाटलं तरी आत ठेवू नका, निखारे राखेत रात्रभर जिवंत असतात आणि तोच वायू सोडत राहतात. झरोक्यांत मोजे कोंबणाऱ्या नवऱ्यावर मी त्या रात्री का ओरडले, ते आता कळलं असेल.

विजेचं गणित तुमच्या बायकोच्या नोकरीपायी महत्त्वाचं. विकणारा तुम्हाला सोलर पॅनेल दाखवेल आणि म्हणेल, वीज फुकट. जूनमध्ये हो. डिसेंबरात इथे दिवस आठ तासांहून लहान, सूर्य क्षितिजापाशी घुटमळणारा, त्यात ढग. आमच्या पॅनेलांतून उन्हाळ्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही वीज कित्येक दिवस येत नाही. लॅपटॉप, राउटर, दिवे, पाण्याचा पंप यांना रोज वीज लागणार, ती इंजिन चालवूनच मिळेल. आणि नियम असा की थांबलेल्या बोटीने रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचं नाही. जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या असतील तर रोज तासभर इंजिन चालवून त्या कधीच पूर्ण भरत नाहीत. शेवटचा भरणा मुंगीच्या पावलाने होतो. अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या महिन्या-दोन महिन्यांत दम तोडतात. आमच्या पहिल्या संचाने फेब्रुवारी पाहिला नाही. म्हणून लिथियम बॅटऱ्यांना पैसे काढून ठेवा, नाहीतर आठवड्यातून एकदा सलग सहा-सात तास इंजिन चालवायची सवय ठेवा. फ्रिज मात्र आम्ही नोव्हेंबरात बंदच करतो. पुढच्या ओट्यावर डब्यात दूध-भाजी राहते.

बारीकसारीक पटकन : गॅस प्रोपेनच घ्या, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं नाकारतो आणि सकाळचा चहा अडतो. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते आणि डिझेलमध्ये शेवाळासारखी घाण वाढते. कडाक्याचा अंदाज आला की आदल्या दिवशी पाणी भरून घ्या, काठावरचे नळ गोठतात. शौचालय कॅसेटचं, म्हणजे काढून नेऊन रिकामी करायच्या टाकीचं, असेल तर जादा कॅसेट ठेवा, कारण रिकामी करायची जागा बर्फापलीकडे असू शकते.

आमच्याकडे कोकणात पावसाआधी आगोटची बेगमी करतात : सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा, मीठ, कौलं शाकारणं. बोटीवर आगोट ऑक्टोबरात येते. दहा पोती कोळसा, दोन भरलेले सिलिंडर, भरलेली डिझेल टाकी, झाडलेलं धुराडं, नव्या दोरीचं स्टोव्हचं दार. कालव्यावर कोळसा-डिझेलच्या फिरत्या बोटी येतात, त्यांचे फेऱ्यांचे दिवस लिहून ठेवा. पण लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणारं दारांचं कुंड, बंद पडलं तर त्याही अडकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर शेवटच्या पोत्यापर्यंत थांबू नका.

इथवर राहण्याचं झालं : हवा खेळती, ऊब अखंड, ओलं बाहेर, आणि साठा दारात. आता फिरण्याचं.

नियम तुम्हाला ठाऊक दिसतो, पण अर्धवट. १९९५च्या कायद्याप्रमाणे ज्या बोटीला कायमची जागा नाही तिने खरोखर प्रवास करत राहायचं आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही. दोन पुलांमध्ये येरझारा घालून चौदा दिवस मोजत बसणं यात बसत नाही. वर्षभरात किती पल्ला गाठला हे कालव्यांचा कारभार पाहणारा कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट बघतो. एप्रिल २०२४पासून अशा हिंडत्या बोटींना परवान्यावर अधिभारही लागतो, तो तुमच्या हिशोबात दिसला नाही. बर्फ, पूर, आजारपण, बंद लॉक अशा कारणाने हलता येत नसेल तर ट्रस्टला आधीच कळवायचं. आधी, नोटीस आल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट, जी उन्हाळ्यात बोट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही : लॉकची मोठी दुरुस्ती हिवाळ्यातच होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत आज इथलं लॉक, उद्या तिथलं, आठवडेच्या आठवडे बंद. यादी आधी जाहीर होते. ती नकाशावर लाल पेन्सिलीने मांडा आणि मग बघा तुम्ही कुठल्या दोन फुल्यांच्या मधे राहू शकता. तुमची नोकरी एका बाजूला आणि बोट बंद लॉकच्या दुसऱ्या बाजूला अडकली की रोजचा दीड तास चिखलातून सायकल, मी पाहिलंय.

म्हणूनच ऑक्सफर्डचा बेत मी सोडून देईन. तुमच्याकडून ऑक्सफर्डला पाण्याने जायचं म्हणजे आधी वायव्येला ब्राउन्स्टनपर्यंत चढायचं आणि तिथून पुन्हा दक्षिणेला उतरायचं. वाटेत स्टोक ब्रुअर्न, बकबी, ब्राउन्स्टन, नॅप्टन असे लॉकचे जिने. नॅप्टनच्या वरचा अकरा मैलांचा माथा उघड्या माळावरचा. तिथे आडवा वारा सुटला की सत्तावन्न फूट लांब, सपाट बुडाची, जेमतेम दोन फूट पाण्यात बुडालेली बोट पतंगासारखी कडेला जाते. आणि खाली गेल्यावर चेरवेल नदी. आयनो वेअर लॉकपाशी ती कालव्याला आडवी छेदून जाते आणि शिप्टन वेअर लॉकच्या वर मैलभर नदी आणि कालवा एकाच पात्रातून वाहतात. पावसाळी डिसेंबरात तिथल्या पाणीपातळीच्या फलकावर लाल रंग दिसला की थांबायचं, मग तीन दिवस असो की तीन आठवडे. आम्ही आयनोला एकदा सोळा दिवस बसलो. रोज सकाळी नवरा फलक बघून यायचा आणि मान हलवायचा, जसा एसटी येते का बघायला कुणी फाट्यावर जाऊन यावं.

थेम्सचं तर नावच काढू नका. तिथे लॉकवर पिवळे फलक लागले की प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, जपून. लाल लागले की बोटी चालवू नका असा सल्ला. हिवाळ्यात लाल फलक आठवडे-आठवडे राहतात. नॅरोबोटीचं इंजिन साचलेल्या पाण्यासाठी असतं, उधाणलेल्या नदीत ते बोट वळवू शकतं पण थांबवू शकत नाही, आणि खाली बंधारा असतो. लाल फलकाला न जुमानता गेलात तर विमा कंपनीही हात वर करू शकते. नदीवर जायचं तर मेनंतर, नांगर आणि लाइफजॅकेट घेऊन.

त्याऐवजी तुम्ही जिथे आहात तिथलीच जागा हिवाळ्याला किती चांगली आहे, ते बघा. कॉसग्रोव्हपासून फेनी स्ट्रॅटफर्डपर्यंत जवळजवळ अकरा मैल एकही लॉक नाही. कॉसग्रोव्हला १८११ साली बांधलेला लोखंडी जलसेतू आहे. त्यावरून बोट ग्रेट ऊझ नदीच्या डोक्यावरून जाते. एका जानेवारीत खाली नदी शेतं गिळून तळ्यासारखी पसरली होती, कुंपणांची फक्त टोकं दिसत होती, आणि वर आम्ही नेहमीच्या पातळीत चहा पीत चाललो होतो. कालवा आणि नदी यांतला फरक मला तेव्हा पोटातून कळला. एवढ्यानेच वर्षाचा पल्ला भागणार नाही, पण दोन्ही टोकांना थोडं पुढे, म्हणजे वर ब्लिसवर्थ-गेटनपर्यंत आणि खाली सोल्बरी-लेटन बझर्डकडे जाऊन आलात तर हिवाळा निभेल. ब्लिसवर्थचा बोगदा ३,०७६ यार्डांचा आहे. बाहेर कोरडं असलं तरी आत रेनकोट घाला, हवेच्या विहिरींखाली डोक्यावर पाणी ओततं. आणि पहिल्याच वर्षी सगळंच जड वाटलं तर ट्रस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिवाळी जागा भाड्याने देतो, लांबीच्या हिशोबाने. ती घेण्यात कमीपणा काही नाही.

प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. पाऊस स्वतः काही बिघडवत नाही. तुम्ही मागे उघड्यावर सुकाणू धरून उभे असता, भिजता, बस. वारा बिघडवतो आणि अंधार बिघडवतो. साडेतीनला थांबायच्या जागी पोचायचं असं धरून सकाळी निघा, चारच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. दिवसाला तीन-चार तास पुरे. हवामान बघून वाऱ्याचा दिवस सोडा आणि त्याच्या पुढचा घ्या. चौदाव्या दिवशी निघू म्हणालात तर नेमकं चौदाव्या दिवशी वादळ असतं. दहाव्या-अकराव्या दिवशी चांगली हवा मिळाली की हला.

लॉकवर मात्र पावसाचा हिशोब वेगळा. ओल्या लाकडी दारांवर शेवाळ असतं, विटांच्या कडा गुळगुळीत, शिडीच्या पायऱ्या बुळबुळीत. दारावरून चालत पलीकडे जायचं तर कठड्याला धरून, अर्ध्या उघड्या दारांमधून उडी तर कधीच नाही. पाणी सोडायच्या फळ्या उचलायचा विंडलास, म्हणजे फिरवायचा हँडल, दांड्यावर ठेवून हात सोडू नका, सुटला की तो भिरभिरत तोंडावर येतो. घाई करायची नाही. मी नऊ वर्षांत एकदाच पडले, कोरड्या दिवशी आणि घाईत.

बांधण्याचीही एक गोष्ट, जी आमच्याच चुकीने शिकलो. दुसऱ्या हिवाळ्यात सलग दहा दिवस पाऊस. काठ लोण्यासारखा मऊ. आम्ही नेहमीसारख्या दोन मेखा ठोकल्या, दोर ताणून बांधले आणि झोपलो. शेजारून एक बोट जरा वेगात गेली असणार. पहाटे मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने; काठाला घासणारा टायर गप्प होता. पडदा सरकवला तर खिडकीसमोर काठ नव्हता. पुढची मेख उपटून बोट कालव्यात आडवी झाली होती, आणि नवरा नाइटसूटवर गमबूट घालून तिला बांबूने ढकलत होता. तेव्हापासून हिवाळ्यात आम्ही काठाला लोखंडी पत्रा ठोकलेला असेल तिथेच थांबतो आणि त्यात साखळी अडकवतो. मेखाच ठोकायच्या तर प्रत्येक दोराला दोन, एकमेकींना काटकोनात. नदीच्या भागात पाणी चढतं-उतरतं, तिथे दोर ताणलेला ठेवला तर बोट तिरकी होते किंवा मेख उपटते, म्हणून ढील द्या आणि रात्री उठून बघा.

हिवाळ्यात बोटी बुडतात त्याही बहुधा उभ्या असताना. मागचा डेक उघडा असेल तर पावसाचं पाणी इंजिनच्या खोलीत उतरतं. डेकच्या कडेच्या पन्हळी पानांनी तुंबतात, पंप चालून चालून बॅटरी संपवतो, आणि सुट्टीवर गेलेला मालक परत येतो तेव्हा बोटीचा मागचा भाग तळाला टेकलेला. दर आठवड्याला झाकण उचलून पाहा. पन्हळी हाताने साफ करा. भारतात महिनाभर जाणार असाल तर कुणाला तरी किल्ली देऊन जा.

बर्फाचं फार नसतं आताशा. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले होते आणि मालवाहू नॅरोबोटींच्या उरल्यासुरल्या धंद्याचा त्याने जवळजवळ शेवट केला. तसं आम्ही काही पाहिलं नाही. पण पातळ बर्फाचा थर पडला तरी हलू नका. तो फुटताना काचेसारखा कापतो, तुमच्या बोटीच्या काळ्या रंगाचा थर खरवडतो आणि शेजारच्या फायबरच्या बोटीला भोक पाडू शकतो.

राहता राहिली सप्टेंबरात घ्यायची तुमची ती बोट. सप्टेंबरात बघू नका, म्हणजे उन्हाच्या दिवशी बघू नका. दोन दिवस पाऊस लागून राहिल्यावर, मालकाला फार आधी न कळवता जा. खिडक्यांखालच्या लाकडावरून बोटं फिरवा, काळे डाग आणि फुगलेलं प्लायवुड हाताला कळतं. गादी उचला. कपाटाचं दार उघडून डोकं आत घाला आणि वास घ्या. मुद्दाम लावलेल्या मेणबत्तीचा सुगंध आला तर जास्तच खोल वास घ्या. मागच्या पायरीखाली तळ बघायचं झाकण असतं, ते उघडून आत टॉर्च मारा, तिथे पाणी दिसलं तर ते कुठून आलं हे विचारा आणि उत्तर लगेच आलं नाही तर पुढे बोलू नका. बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जमलं तर खरेदी लांबवून त्याआधी नोव्हेंबरात आठवडाभर भाड्याची बोट घेऊन बायकोला तिच्यावरून काम करू दे. गुरुवारपर्यंत तिचा चेहरा कसा आहे त्यावर पुष्कळ ठरेल.

बोट पाहून आलात की तिचं बांधणीचं साल, भिंतीत काय भरलंय आणि स्टोव्ह पुढे आहे की मधे, एवढं कळवा. स्टोव्ह मधे असेल तर झोपायच्या खोलीबद्दल मला आणखी थोडं सांगायचंय.